वेष्टनाची आतली बाजू

मी एका माणसाचा लेख न वाचता नाकारला, ही गोष्ट बावीस वर्षे मी लपवून ठेवली. याच बावीस वर्षांत, ज्या त्रैमासिकासाठी तो लेख आला होता त्याच त्रैमासिकात, स्वतःच्या दोषांची कबुली देण्याच्या बौद्ध परंपरेवर मी तीन शोधनिबंध लिहिले. त्यांतल्या दुसऱ्याचे जाणकारांनी कौतुक केले. विवेचन अंतःकरणातून उतरले आहे, असे एका वाचकाने आवर्जून कळवले. मी त्यांना दोन ओळींचे नम्र उत्तर पाठवले, आणि त्या दिवशी जेवताना माझा चेहरा पाहून पत्नीने दोनदा विचारले, "भाजीत मीठ जास्त झालं का?"

दर वर्षी आषाढी पौर्णिमा आली की ती भाजी मला आठवते. आमच्या गारखेड्यातल्या विहारात वर्षावास सुरू होतो. दुपारी चारच्या सुमारास पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका ग्रंथवाचनाला येतात, पायरीशी चपलांची रांग लागते, आणि वाचणाऱ्या ताईंचा आवाज ध्वनिक्षेपकावरून आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचतो. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी हिंडू नये, एका जागी राहावे, अभ्यास करावा, आणि आश्विनी पौर्णिमेला एकमेकांसमोर हात जोडून आपले दोष विचारून घ्यावेत, ही जुनी रीत. या शेवटच्या विधीला पवारणा म्हणतात. माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा; मी सुधारणा करीन, असा त्याचा आशय.

आता या सुंदर रीतीचा आणि माझा जो संबंध आला, तो 'बोधिपरिशीलन' या त्रैमासिकामुळे. साळवे मॅडमनी ते आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत सुरू केले. मॅडम पालीच्या प्राध्यापिका. निवृत्तीला आता बरीच वर्षे झाली, पण त्यांच्यासमोर मी अजूनही खुर्चीच्या कडेवरच बसतो. वर्षाला चार अंक काढायचे, असा संकल्प होता. प्रत्यक्षात दोन निघत. एका वर्षी जोडअंक काढायला उशीर झाला म्हणून तो पुढच्या जोडअंकाला जोडावा लागला. वर्गणीदार तीनेकशे. त्यांतले निम्मे मॅडमचे विद्यार्थी, आणि उरलेल्या निम्म्यांना आपण वर्गणीदार आहोत हे अंक आल्यावरच कळत असे.

मॅडमनी पवारणेची रीत संपादक मंडळाला लावली होती. आश्विनी पौर्णिमेला दुपारी सगळ्यांनी त्यांच्या घरी जमायचे, एकेकाने पुढे बसायचे, हात जोडायचे आणि वर्षभरातल्या आपल्या चुका इतरांना विचारायच्या. मग खीर. या सभेला शहागंजातले आमचे छापखान्याचे मालक हमीदभाईही येत. पहिल्या वर्षी ते थोडे बिचकले होते. "हमारे यहाँ तो गलती हुई तो सीधा अल्ला को बोलते," ते मला हळूच म्हणाले, "तुम लोगां कमिटी को बोलते!" पण खीर त्यांना आवडली, आणि दुसऱ्या वर्षापासून ते वेळेच्या आधी येऊन पुढेच बसू लागले. "बोलो, मेरे बारे में बोलो," असे ते इतक्या उत्साहाने म्हणत की आमचा संकोच व्हायचा. त्यांचा दोष दर वर्षी एकच असे: अंक उशिरा दिला. ते दर वर्षी तो मान्य करीत आणि दर वर्षी म्हणत, "कागज गीला था."

ते मात्र खरे होते. आमचा वर्षावास अंक भाद्रपदात छापायला जाई, आणि भाद्रपदातला कागद हा एक स्वतंत्र प्राणी असतो. तो फुगतो, वळतो, शेजारच्याला चिकटतो. बाहेरच्या खोलीत छापील अंकांच्या थप्प्या लागल्या की ओल्या शाईचा, उकळलेल्या खळीचा आणि मॅडमच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा मिळून एक वास तयार होई. आजही एखाद्या बंद कपाटातून तो अचानक येतो. इतरांना अशा वासाने बालपण आठवते. मला माझा गुन्हा आठवतो.

या वर्षी आषाढात मॅडमनी मला बोलावले. पुढच्या वर्षापासून 'बोधिपरिशीलन' कागदावर निघणार नाही, संगणकावरच वाचायला मिळेल, असे ठरले होते. शेवटच्या छापील अंकात त्रैमासिकाचा इतिहास हवा होता.

"इतिहास तुम्हीच लिहा, सर," मॅडम म्हणाल्या. "आतल्या गोष्टी तुमच्याइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत."

मी मान हलवली. चहा फार गरम होता, हे एक बरे झाले. त्यामुळे डोळ्यांत आलेल्या पाण्याचे कारण सांगावे लागले नाही.

त्यांनी जुन्या नोंदवह्यांचे गाठोडे माझ्या हवाली केले. त्या सगळ्या खिल्लारे गुरुजींच्या हस्ताक्षरातल्या. गुरुजी आमचे व्यवस्थापक. खुलताबादच्या बाजूच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्म काढला आणि निवृत्त होऊन गारखेड्यात राहायला आले, त्याच आठवड्यात मॅडमनी त्यांना पकडले. वर्गणीदारांचे पत्ते लिहिणे, खळ करणे, वेष्टने चिकटवणे, टपालात टाकणे, आलेल्या लेखांची नोंद ठेवणे, ही कामे त्यांनी विनावेतन आणि विनातक्रार केली. त्यांचे अक्षर फळ्यावरचे होते: गोल, टपोरे, मागच्या बाकावरूनही वाचता येईल असे. संपादक मंडळातली आम्ही सारी माणसे त्यांना गुरुजी म्हणत असू. ते आम्हाला सर म्हणत. या व्यवहारात काही विसंगती आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

नोंदवहीत बावीस वर्षांपूर्वीचे पान मी उघडले नाही. ते आपोआप उघडले, असेही मी म्हणणार नाही. मी आधी बाकीची सगळी पाने उघडली, मग तेच एक उरले.

त्या वर्षी आमच्याकडे तज्ज्ञपरीक्षण नावाची नवी पद्धत आली होती. नियतकालिकाला मान्यता हवी असेल तर प्रत्येक लेख तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा, लेखकाला तज्ज्ञ कोण ते कळू द्यायचे नाही आणि तज्ज्ञाला लेखक कोण ते. सबंध शहरात आमच्या विषयाची सात माणसे होती. त्यांतली पाच एकाच हॉटेलात चहा घेत. तरीही मॅडमनी हुकूम काढला, आणि गुरुजींनी तो शब्दशः पाळला. लेख आला की त्यावरच्या नावावर ते कागदाची पट्टी चिकटवीत, वर क्रमांक टाकीत आणि माझ्याकडे आणून देत. तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली होती. त्या वेळी मी जेमतेम तेहतीस वर्षांचा होतो, आणि आपण तज्ज्ञ आहोत ही गोष्ट माझ्या चालण्यातही दिसू लागली होती, असे पत्नी सांगते.

ज्येष्ठ संपत आला असताना गुरुजी एका संध्याकाळी घरी आले. पिशवीतून त्यांनी हाताने लिहिलेल्या कागदांची एक जाड चळत काढली. नावावर पट्टी होती.

"एक लेख आलाय, सर."

"कोणाचा?" मी सवयीने विचारले.

"ते मला काय माहीत नाय, सर," गुरुजी दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले. "गुप्त असतंय ना ते."

पहिल्या पानावरचे अक्षर गोल, टपोरे, मागच्या बाकावरूनही वाचता येईल असे होते.

मी कागद घेतले. गुरुजी निघाले, दोन पायऱ्या उतरले, परत आले. "लेण्यांतल्या पाण्याच्या टाक्यांवर हाय वाटतं," ते म्हणाले. "मी वाचला नाय. वरवर दिसलं म्हणून सांगितलं." आणि पुन्हा उतरून गेले.

पुढे मला हळूहळू कळले, तेही इतरांकडून, की निवृत्तीनंतरचे दोन पावसाळे गुरुजींनी शहराबाहेरच्या डोंगरातल्या लेण्यांवर काढले होते. भिक्खू तिथे वर्षावासाला राहत. मग तीन महिने इतक्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याचे काय? खडकात खोदलेली टाकी किती, कोणत्या उतारावरचे पाणी कोणत्या टाक्यात येई, गाळ कुठे बसे, ओसंडले तर जाई कुठे. दोरीचे एक टोक गुरुजींच्या हातात आणि दुसरे त्यांच्या पत्नीच्या. डबा बांधून घेऊन दोघे सकाळच्या बसने जात. ज्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर लग्नाच्या तारखा धरतात, त्या शहरात हा विषय कोणत्याही तज्ज्ञाला सुचला नव्हता. तो एका प्राथमिक शिक्षकाला सुचला.

आणि मी तो लेख वाचला नाही. वाईट हेतू नव्हता. आधी परीक्षेच्या उत्तरपत्रिका होत्या, मग मेहुणीचे लग्न, मग माझा स्वतःचा शोधनिबंध. हाताने लिहिलेले साठ-सत्तर कागद, तेही व्यवस्थापकाचे. वाचू सावकाश, असे मनात होते. 'व्यवस्थापकाचे' हा शब्द मी तेव्हा मनात उच्चारला होता, आणि आज तो लिहिताना माझे बोट थबकते. एखाद्या विभागप्रमुखाचा लेख असता, तर मी तो त्याच रात्री वाचला असता आणि सकाळी फोन केला असता. मी ती चळत वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली. शेजारी जुन्या मुद्रितांची, म्हणजे तपासून झालेल्या प्रुफांची, अशाच वर्तमानपत्रात गुंडाळलेली चळत होती.

जुनी मुद्रिते ठेवण्याचे कारण मॅडमचा दुसरा हुकूम. ज्या कागदाची एक बाजू कोरी आहे तो टाकायचा नाही. तो चार बोटे रुंदीच्या पट्ट्यांत कापायचा, लिहिलेली बाजू आत ठेवून अंकाभोवती गुंडाळायचा, आणि कोऱ्या बाजूवर पत्ता लिहायचा. आमच्या सगळ्या वेष्टनांच्या आतल्या बाजूला अशी जुन्या अंकांची मुद्रिते असत. खानदेशातल्या एका वर्गणीदाराने एकदा कळवले होते की अंकापेक्षा वेष्टन जास्त सुटसुटीत असते. मॅडमना ते पत्र आवडले नव्हते.

भाद्रपदात अंक छापून झाला. वेष्टने कमी पडली. "सर, तुमच्याकडची रद्दी घेऊन शहागंजात जा, हमीदभाईंकडून कापून आणा," असा निरोप आला. मी स्टूल घेऊन कपाटापाशी चढलो, तोच खालून पत्नी ओरडली, "अहो, नळ आलाय! पाइप धरा आधी!" ज्यांनी आमच्या शहरात संसार केला आहे त्यांना त्या हाकेचा अर्थ सांगायला नको. तिच्यापुढे धर्म, अर्थ, काम थांबतात. मोक्षही थोडा थांबेल. मी हाताला लागली ती चळत खाली टाकली, पाइप धरला, टाकी भरली, अंगावर पाणी उडवून घेतले, ओल्या कपड्यांनी चळत स्कूटरवर ठेवली आणि शहागंज गाठले. हमीदभाईंच्या कापण्याच्या यंत्राचे पाते मोठे धारदार. त्यांनी वर्तमानपत्र सोडून चळत बोटांनी ठोकून सरळ केली, वर बघितले आणि म्हणाले, "वा सर, इस बार तो बडे मोती जैसे अच्छरां हैं."

मी हिशेबाच्या खिडकीपाशी कोणाशी तरी बोलत होतो. ऐकले आणि हसलो. पाते खाली आले.

दुपारी मॅडमच्या घरी आम्ही वेष्टने चिकटवायला बसलो. गुरुजींच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्या डोळ्याने त्यांना धूसर दिसे, पण ते घरी थांबायला तयार नव्हते. "हाताला सवय हाय, सर. डोळ्याचं काय काम त्यात?" असे म्हणून ते खळीची वाटी घेऊन बसले. पंधरा-वीस अंक झाले असतील. माझ्या हातातल्या पट्टीच्या आतल्या बाजूवर माझी नजर गेली. तिथे गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते: 'टाके क्रमांक चार. लांबी माझ्या सौभाग्यवतीच्या पावलांनी अकरा. पाऊस नसताना मोजले.'

वाचकहो, मनुष्याच्या आयुष्यात असा क्षण येतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन वाटा असतात, असे आपण नेहमी वाचतो. मला एकच दिसली. मी गुरुजींच्या पुढ्यातला पट्ट्यांचा गठ्ठा उचलून माझ्याकडे घेतला. "तुम्ही फक्त खळ लावा, गुरुजी," मी म्हणालो. "गुंडाळतो मी. डोळ्याला त्रास नको."

"सर, तुम्ही लई मनाचे मोठे," गुरुजी म्हणाले.

त्या दुपारी मी आयुष्यात सर्वाधिक वेगाने काम केले. स्वयंपाकघरातून मॅडम दोनदा डोकावून गेल्या आणि दुसऱ्यांदा म्हणाल्या, "गुरुजी, बघा, शिकलेला माणूससुद्धा मनावर घेतलं तर किती काम करतो." मी गुंडाळत राहिलो. टाकी, पावले, उतार, गाळ, सारे आत वळत गेले. गुरुजींनी आपल्या हाताने, आपल्या खळीने, आपला लेख चिकटवला, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या हाताने टपालात टाकला. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि थोडीशी मुंबई, असा तो सर्वत्र पोचला. एवढ्या जणांकडे लेख पोचण्याचे भाग्य माझ्या एकाही शोधनिबंधाला लाभलेले नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो, तर त्याला अपघात म्हणता आले असते. पण आठवड्याने, डोळ्याची पट्टी निघाल्यावर, गुरुजी आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

"सर, त्या टाक्यांच्या लेखाचं काय झालं? लेखक विचारत व्हते."

"लेखक विचारत होते?"

"व्हय. सहज भेटले. मी म्हणलं, घाई करू नका, मोठी माणसं वाचतेत, येळ लागतो."

इथे मी बोलायला हवे होते. तोंड उघडलेही. पण हरवला म्हणावे तर कुठे, कसा, कधी हे आले. आणि त्याच्या शेवटी चार बोटे रुंदीची पट्टी आली. त्या रात्री मी अभिप्राय लिहिला. चांगल्या, घडीव मराठीत, हवे तसे परिच्छेद पाडून, एका न वाचलेल्या लेखावर: 'मांडणी विस्कळीत असून लेखकास विषयाची पुरेशी ओळख नाही. लेख स्वीकारार्ह नाही.' विस्कळीत हा शब्द लिहिताना तो माझ्या कोणत्या बुद्धीतून आला असेल, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. मांडणी मीच तर विस्कटली होती, आणि तीही जिल्ह्याजिल्ह्यांत.

अभिप्राय मी व्यवस्थापकांकडे दिला, कारण नियम तसा होता; नाकारलेले हस्तलिखित परत करण्याचा नियम नव्हता. व्यवस्थापकांनी तो माझ्यासमोर वाचला, कारण पाकिटात काय घालायचे ते बघावे लागते. मग त्यांनी नोंदवहीत लिहिले, 'अस्वीकृत.' कपाटातून पाकीट घेतले, त्यावर लेखकाचा पत्ता लिहिला, जो त्यांच्याच घराचा होता, तिकीट लावले, आणि गारखेड्याच्या टपालपेटीत टाकले. तिसऱ्या दिवशी पोस्टमनने ते त्यांच्या घरी आणून दिले. हे मला त्यांच्या पत्नीने पुढे कधीतरी हसत सांगितले. "म्हटलं, हातानं घरी आणायचं की हो. तर म्हणतेत, नाय, लेखकाला पोस्टानंच कळवायचं असतंय." त्या हसत होत्या. मीही हसलो. माझे हसणे त्यांच्याइतके टिकले नाही.

महिनाभरात सिल्लोडकडचे एक पत्र आले. वाचकांची पत्रे माझ्याकडेच येत. निवृत्त कृषी सहायक होते कोणी. 'अंक मिळाला, चांगला आहे,' असे शिष्टाचारापुरते लिहून त्यांनी पुढे म्हटले होते: 'वेष्टनाच्या आतील बाजूस पाण्याच्या टाक्यांविषयी मजकूर आहे. तो वाक्याच्या मध्ये सुरू होतो आणि मध्येच संपतो. फार मोलाचे निरीक्षण आहे. पुढील भाग कोणत्या वेष्टनात आहे ते कळवल्यास त्या वर्गणीदाराशी पत्रव्यवहार करीन.' त्रैमासिकाच्या सबंध इतिहासात लेखाचा पुढचा भाग मागणारे हे एकमेव पत्र. ते मी पाली शब्दकोशात ठेवून दिले, आणि पुढची बावीस वर्षे तो शब्दकोश कोणाला उसना दिला नाही. मॅडमच्या मते, पुस्तके न देण्याचा हा माझा मोठा दुर्गुण.

आणि दर आश्विनी पौर्णिमेला मीही हात जोडून पुढे बसतच होतो. पाहिले असेल, ऐकले असेल, शंका असेल तर सांगा. हमीदभाई म्हणत, "सर चिवडे में के फल्लीदाने चुन के खातें." मॅडम म्हणत, तळटिपा फार. गुरुजींची पाळी आली की ते म्हणत, "सरांचा काय दोष? मला तर दिसत नाय." आणि खरोखरच, त्यांना तेव्हा दिसले नव्हते. मी मनाशी एक शास्त्रार्थ रचला होता: विधी इतरांनी सांगावे असे म्हणतो, आपण होऊन सांगावे असे कुठे म्हणतो? कोणी पाहिले नाही, कोणी ऐकले नाही, कोणाला शंका नाही. मग तो दोष विधीच्या कक्षेबाहेर. हा युक्तिवाद मी एका शोधनिबंधाच्या तळटिपेत जवळजवळ छापलाही होता. विद्वत्तेचा एक उपयोग असा की माणसाला आपल्या अपराधाला संदर्भ देता येतात.

गुरुजींनी त्यानंतर काही लिहिले नाही. वेष्टने चिकटवीत राहिले, पत्ते लिहीत राहिले. मोजमापांची वही त्यांनी बंबात घातली, असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्या गेल्या, त्याला आता सात वर्षे होतील. एकदा एका वर्षी पाणी आठ दिवसांवर गेले, तेव्हा मॅडमच्या ओसरीत सगळे महापालिकेला शिव्या देत होते. गुरुजी मध्येच उत्साहाने म्हणाले, "आपल्या लेण्यांत बघा, चार नंबरचं टाकं..." आणि थांबले. माझ्याकडे बघून ओशाळे हसले. "जाऊ द्या. मला त्यातली पुरेशी ओळख नाय."

माझेच वाक्य. ते त्यांनी नुसते लक्षात ठेवले नव्हते. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

तर या वर्षीचा वर्षावास मी त्या नोंदवहीसमोर काढला. त्रैमासिकाचा इतिहास लिहायला बसे, आणि स्थापनेपासून सुरुवात करून त्या पानाशी येऊन अडे. श्रावणात वाटले, ते वर्ष वगळावे. भाद्रपदात वाटले, 'काही तांत्रिक अडचणी आल्या' असे लिहावे. मग कळले की गुरुजी आश्विनी पौर्णिमेनंतर नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत. वय ऐंशीच्या पुढे. एकटे किती दिवस राहतील? पत्नीला मी सगळे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे नळाचं पाणी धरायला मी बोलावलं, म्हणून?" मी घाईने म्हणालो, तुझा काही दोष नाही. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का, तेवढं बघत होते मी."

आश्विनी पौर्णिमेला मॅडमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही चौघेच होतो. माझा इतिहास पुरा न झाल्याने शेवटचा अंक अडला होता; खोलीत अंकांच्या थप्प्या नव्हत्या, म्हणून ती उगाच मोठी वाटत होती. बाहेर हातगाडीवर सीताफळे आली होती आणि गाडीवाला एकाच सुरात ओरडत होता. हमीदभाई आता काठी घेऊन चालतात. छापखाना मुलाने फ्लेक्सचा केला आहे. त्यांची पाळी झाली. "इस साल तो कुछ छापाच नहीं, तो देर काय की?" असे म्हणून ते खट्टू होऊन बसले. मग माझी पाळी आली.

मी हात जोडले, आणि खिशातून पाकीट काढून गुरुजींपुढे धरले. बोलायचे धैर्य नव्हते. म्हणून चार मसुदे करून पत्र लिहिले होते. गुरुजींनी पाकीट उलटसुलट केले आणि परत दिले. "आता अक्षर लागत नाय, सर. तुम्हीच वाचा. आवाज हाय चांगला तुमचा."

मी वाचू लागलो. "सुमारे दोन तपांपूर्वी प्रस्तुत पत्रलेखकाच्या स्वाधीन करण्यात आलेले एक हस्तलिखित, अनवधानाने वेष्टनार्थ राखीव असलेल्या मुद्रितांसमवेत कर्तनास गेल्याने, तत्संबंधी सादर झालेला अभिप्राय हा..."

"सर," गुरुजी मृदूपणे म्हणाले, "कुणाचं काय झालंय? मला काय समजंना."

मॅडमना मात्र समजले होते. त्या ताठ बसल्या. "म्हणजे त्या लेखाचं तज्ज्ञपरीक्षण झालंच नाही?" त्या म्हणाल्या. "आणि नोंदवहीत अस्वीकृत?"

"एक मिनट," हमीदभाई काठी आपटत म्हणाले, "वो मोती जैसे अच्छरां वाला गठ्ठा? वो मैं काटा? या अल्ला! मेरे को भी माफी मांगना पडेंगा क्या?"

गुरुजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मी कागदाची घडी केली. काय घडले ते मी घडले तसे, तळटिपांशिवाय सांगितले: कपाट, चळत, पाते, पट्ट्या, खळ, अभिप्राय, सिल्लोडचे पत्र. गाडीवाला दूर गेला होता. गुरुजींनी हात गुडघ्यांवर ठेवले. मग त्यांनी विचारले ते अगदी हळू, पण खोलीत प्रत्येकाला ऐकू आले.

"म्हणजे वाचलाच नव्हता? कुणीच?"

"नाही, गुरुजी."

"मग मला त्यातली ओळख नाय, ते कुणी ठरवलं?"

इतकी वर्षे मी शब्दांवर जगलो आहे. त्या वेळी मोजून थोडेच सापडले, आणि ते मी मोठ्याने म्हणालो.

"कुणीच ठरवलं नाही, गुरुजी. मला ओळख नव्हती. टाक्यांचीही नाही आणि तुमचीही नाही. लेख व्यवस्थापकाचा म्हणून मी तो बाजूला ठेवला, हरवला, आणि माझी लाज झाकायला तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही लिहायचं सोडलंत ते माझ्यामुळे. मी चुकलो, गुरुजी. मला माफ करा."